गंजलेले शॉकअप

सकाळी सातला फोन आला, तेव्हा भंगारवाला शाझली कॉफी पीत होता.

"काल तुम्ही ज्याला डिकीचं दार वर धरणारे शॉकअप विकलेत, तो मुन्सिफ मासेवाला मेलाय. लगेच या," इन्स्पेक्टर बर्गावीबाई म्हणाल्या.

स्फाक्स शहराच्या मासळीबाजारामागे मुन्सिफची वीस वर्षांची व्हॅन उभी होती. मागचं दार वर होतं. खाली प्रेत, मानेवर घाव, शेजारी वल्ह्याचा तुकडा. शॉकअप शाझलीनेच निवडून दिले होते. तेच निकामी निघाले असतील, तर या मरणाचं पाप त्याच्या माथी.

मुन्सिफचा भाऊ मबरूक हुंदके देत होता. "दाराला वल्ह्याचा टेकू लावायचा. टेकू सटकला, दार मानेवर आलं. शंभरदा सांगितलं, शॉकअप बदल म्हणून."

"त्याची मुलगी म्हणते, काल बदलले," बर्गावीबाई म्हणाल्या.

"काल मी समुद्रावर होतो. पण गंज बघा ना, जुनेच आहेत. शाझलीकाकांचा काय संबंध?"

सुटकेची वाट आयतीच समोर आली होती. नुसती मान हलवायची. पण मुन्सिफची मुलगी रीम त्याच्याकडे बघत होती.

"हे माझेच आहेत," शाझली म्हणाला. "मबरूक, त्याच्या मानेवरचं दार उचललं कोणी?"

"मीच. खांदा लावून. मणाचं धूड ते."

शाझली दाराला लोंबकळला, तेव्हा कुठे ते कमरेपर्यंत खाली आलं. हात सोडताच ते आपोआप वर गेलं.

"बाई, चकचकीत नकली माल दोन उन्हाळे टिकत नाही. इथला शहाणा माणूस भंगारातला अस्सल घेतो. बर्फासाठी या दाराला आतून पत्रा ठोकलाय, ते जड झालंय, म्हणून मी जास्त जोराचे दिले. मुन्सिफने ते माझ्या अंगणातच बसवले. हे दार पडत नाही, त्याला टेकू लागत नाही, उचलायला खांदाही लागत नाही. वरचा गंज बघून हा फसला. जुनेच समजून त्याने अपघात रचला."

बर्गावीबाईंनी वल्ह्याचा तुकडा उलटा केला. खालच्या बाजूला रक्तात केस चिकटले होते.

मबरूकचे हुंदके थांबले. "बाजारातली जागा त्याने पोरीला दिली," तो म्हणाला. "बारा वर्षं तिथे माशांची आतडी मी काढली."

पोलिसांनी मबरूकला नेलं. शाझलीला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

रीमने चावी पुढे केली. "काका, गाडी घरी न्याल? मला अजून येत नाही. बाबा उद्यापासून शिकवणार होते."