बुजवलेलं बीळ

सांगते, पण मध्येच हसू नका. त्या संध्याकाळी मी निसर्ग केंद्राच्या दालनात फक्त खिडक्या लावायला गेले होते. शाळेची सहल नुकतीच परतली होती. तळ्याकाठची पाणमांजरं कशी राहतात, हे मी मुलांना हसऱ्या चेहऱ्याने समजावलं होतं, भिंतीवरची चित्रं दाखवून. तळ्याचा तो काठच आता उरला नव्हता.

आमच्या संचालक साहेबांनी पार्किंगसाठी तो बुजवला होता. "साहेब, बिळात पिल्लं आहेत हो!" म्हणत मी जेसीबीपुढे उभी राहिले, तर मला बाजूला ओढलं. पिल्लांची आई आडवी आली, ती चाकाखाली गेली. "दाखवायला भिंतीवर चित्रं आहेत की," साहेब म्हणाले. मी आणि वॉचमनकाकांनी तिला पुरलं. आठवडा उलटला, पण माझ्या डोक्यातली आग विझली नव्हती.

शेवटची खिडकी ओढली, तेव्हा शीळ ऐकू आली. बारीक, ओली. मग दुसरी... पार्किंगकडून. दालनभर चिखलाचा आणि माशांचा वास पसरला.

साहेब केबिनमधून तणतणत आले. "तो प्राण्यांच्या आवाजांचा स्पीकर बंद कर आधी!"

"स्पीकर नाही, साहेब. जमिनीतून येतंय."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "वारा... वारा असेल."

"मग चला ना, वारा बघायला."

मी त्यांच्या हातात पहार कोंबली, स्वतः फावडं घेतलं. "खणा!" मी ओरडले. ते खणू लागले. काका बॅटरी धरून उभे. दाबलेली माती दगडासारखी झाली होती. शीळ अगदी पायाखालून ऐकू येऊ लागली, आणि एकदम थांबली...

माती आत ढासळली. खाली दोन पिल्लं एकमेकांना बिलगून झोपली होती. जिवंत. पोटं टम्म.

"इतके दिवस... पाजलं कुणी यांना?" काका पुटपुटले.

साहेब पहार तिथेच टाकून गेटकडे पळाले. त्यानंतर ते केंद्रात आले नाहीत. मला त्यांची कीव आली नाही, आजही येत नाही.

पिल्लं आता माझ्या ताब्यात आहेत, कुलूपबंद खोलीत. बाटली पुढे केली की तोंड फिरवतात, तरी अंगाने भरतायत. आज सकाळी एकाच्या मिशीला दूध लागलेलं दिसलं. मी बोटाने पुसलं...

बर्फासारखं गार होतं.