चौथी जागा

खुर्ची ओढून घ्या. तुमच्या गावची गाणी शिकवायला माझी पद्धत हवी म्हणता, तर आधी हे ऐका. मग ठरवा.

आमच्या सार्दिनियातल्या या गावात ईस्टरआधीच्या सोमवारी मिरवणुकीत चार पुरुष एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात आणि गातात. चौघांचे सूर नेमके जुळले की वर पाचवा आवाज उमटतो, बाईचा. तो कुणीच गात नसतं. आम्ही त्याला भीत नाही, तो आला नाही तर काय, याला भितो.

बाकिसकाका चाळीस वर्षं खर्ज लावत होते. एक फुप्फुस काढल्यावर दर ओळीत दोनदा दम घ्यायचे, पण जागा सोडली नाही. गेल्या डिसेंबरात मी चौघांना वेगवेगळं बसवून, कानांना हेडफोन लावून, एकेकाचा आवाज संगणकात घेतला. एक आवाज बंद करायचा आणि शिकणाऱ्याने ती जागा भरायची, अशी सोय. काका नाराज होते.

"तुझी यंत्रं तुला लखलाभ, पोरी. पण चौथी जागा मोकळी ठेवून तिघांचं गाणं कधी वाजवू नकोस. आम्ही तालीमसुद्धा तशी करत नाही. कुणी कमी असेल तर गप्प बसतो."

जानेवारीत ते गेले. खर्जाला माणूस उरला नाही, तेव्हा माझा नवरा गाविनो पुढे झाला. तो समुद्रात बुडी मारून तळाच्या खडकांना चिकटलेले अर्चिन, म्हणजे खायचे काटेरी जीव, काढतो. हवेचं नळकांडं न लावता दोन मिनिटं चाळीस सेकंद दम धरायचा, सगळ्या किनाऱ्यावर नाव होतं त्याचं. सोमवारच्या आधीच्या गुरुवारी पाच वाजता गाणाऱ्यांच्या मंडळाची जुनी माणसं त्याला ऐकणार होती. नाही जमलं तर यंदा मिरवणुकीत गाणंच होणार नव्हतं.

त्या गुरुवारी तीन वाजता मी प्रार्थनाघराची दारं लावून घेतली. आत मेणाचा वास, थंड दगड. तिघांच्या जागी छातीच्या उंचीवर तीन स्पीकर ठेवले. गाविनोचा पत्ता नव्हता. म्हटलं, तोवर यंत्र तपासू. काकांचा आवाज बंद केला आणि तिघांचं सुरू केलं.

दुसऱ्या ओळीला मोकळ्या जागेत कुणीतरी दम घेतला. पुढच्या ओळीत दोनदा. स्पीकर जुना झालाय, असं मी स्वतःलाच सांगितलं.

गाविनो आला तो हसतच. "हे तिघे बरे आहेत. दारू मागत नाहीत."

"उभा राहा मुकाट्याने. आठवडाभर चुकतोयस."

त्या दिवशी तो चुकला नाही. खर्ज असा बसला की माझ्या अंगावर काटा आला, आणि वर, छताशी, पाचवा आवाज उमटला. मला रडू फुटलं. आनंदाने, खोटं का सांगू.

मग गाविनोने माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

"गा ना…" मी पुटपुटले.

"थांबलोय मी… मघाशीच."

पाचवा आवाज तसाच होता. म्हणजे खालचा खर्जही होता. काकांचा आवाज बंदच होता, मी दोनदा पाहिलं. जाऊन गाविनोच्या छातीवर हात ठेवला. फिरत्या जात्यावर हात ठेवावा तशी ती थरथरत होती. तो बोलत होता आणि खर्ज तुटत नव्हता.

"बंद कर… बंद कर ते…"

मी वायर उपटली. स्पीकर लगेच गप्प झाले. त्याची छाती थोड्या वेळाने.

तेव्हाच सगळं मोडायला हवं होतं. पण पाच वाजत आले होते आणि माझी पद्धत यशस्वी झाली होती. हा हट्ट माझाच. जुनी माणसं ऐकून म्हणाली, "अगदी बाकिसच." सोमवारी पाचवा आवाज कधी नव्हे इतका स्वच्छ आला. गाविनो दर ओळीत दोनदा दम घेत होता. ते फक्त मला दिसलं.

ईस्टरनंतर तो पाण्यात उतरला आणि वीस सेकंदांत वर आला. पुन्हा गेला, पुन्हा वीस. डॉक्टर म्हणतात, दोन्ही फुप्फुसं ठणठणीत आहेत. होडी बांधून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात बाकिसकाकांची बायको आली. "एकदा त्याचा आवाज ऐकव गं." मी काकांचं ध्वनिमुद्रण लावलं. आवाज नव्हताच. नुसती शांतता, पाण्याखालची असते तशी. काकू हात जोडून बसून राहिल्या. मी पडद्यावर सरकणारे सेकंद बघत होते. दोन मिनिटं चाळीस सेकंदांना कुणीतरी वर येऊन धापा टाकल्या, आणि पुन्हा शांत.

"हा माझा नवरा नव्हे," काकू हळूच म्हणाल्या. "हा कुणीतरी जवान माणूस आहे."

ते पुसून टाकायची माझी हिंमत होत नाही. पुसलं तर आत जो दम धरून आहे त्याचं काय होईल? रोज एकदा लावते, तो वर येतो तेवढं ऐकते, आणि मग स्वयंपाकाला लागते.

काल तो दोन मिनिटं सत्तावीस सेकंदांनाच वर आला.