नाक्याला वळसा

बाळासो काय म्हणतोय ते मला सांगू नगंस, पिराजी. ज्ञानू तांब्याचं पोतं घिऊन पळाला म्हणं. बारा वर्सं ह्योच रवंथ करतोय त्यो. चावडीत म्हणतोय, माज्या तोंडावर यिऊन म्हण म्हणावं, जीभ हासडून हातात देतो. बसा रं पोरांनू. कंदील बारीक करा जरा. लालासाब डायवरानं मराच्या आदी मला जे सांगिटलं तेच सांगतो. खोटं वाटलं तर उठून जावा.

चौऱ्याहत्तर साल. कार्तिकातली आवस, शुक्रवार. बाळासोचा भंगाराचा धंदा तवा जोरात हुता. निपाणीकडनं मोडकं लोखंड, बीड म्हंजी वतीव लोखंड भरायचं आनि कोल्हापूरच्या फौंड्रीत आणून वतायचं. गाडी चालवायला लालासाब, भराय-उतराय ज्ञानू. ज्ञानू म्हंजी आपल्या बनाबाईचा दाल्ला. बैलागत ताकद. आनि कामाला असा नीट, की बीड एकीकडं, पोलाद एकीकडं, तांबं पोत्यात, अशी रास लावल्याबिगर बिडी शिलगवायचा न्हाय.

हद्दीवरच्या नाक्यावर तवा लई कडक झालतं. कुठंतरी माल सरकून एक हमाल चिरडला हुता. तवापास्नं भंगारावर माणूस बसलेला दिसला की गाडीचा परवाना रद्द. आता केबिनीत जागा हुती की. पर तितं बाळासो ऐसपैस बसणार, हमालाच्या मांडीला मांडी लागली तर त्येचं धोतर बाटंल. मग काय, नाक्याच्या अलीकडं अर्धा मैल ज्ञानू खाली उतरायचा. शेतातनं, बांधाबांधानं नाक्याला वळसा घालायचा आनि पल्याड बाभळीखाली निघायचा. तितं गाडी बत्ती इझवून थांबल्याली. ज्ञानू वर चढला की टपावर दोन थापा मारायचा. थापा पडल्या की लालासाब गेर टाकायचा.

"थांबशील न्हवं रं लालू?" ज्ञानू दर खेपंला इचारायचा.

"तुला सोडून गेलो तर माजी भाकरी हराम," लालासाब म्हणायचा.

त्या रातीबी असंच बोलणं झालं. ज्ञानू उतरला, अंधारात गेला. नाक्यावर कागद बघितलं, बांबू वर झाला, गाडी सुटली. अकरा वाजून गेलतं. बाभळ आली तसा लालासाबनं ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नगंस," बाळासो म्हणाला. "मागं जीपचा उजेड दिसतोय."

"मालक, ज्ञानू यायचाय."

"यील चालत. पाय न्हाईत व्हय त्येला? परवाना गेला तर तुजी पोरं काय मी पोसू?"

लालासाबनं आरशात बघितलं. जीप न्हाय, उजेड न्हाय. नुस्ता काळोख. पर त्यानं पाय उचलला. ब्रेकवरचा. पोरांनू, एक पाय उचलायचा तर खेळ.

गाडी फुडं सरली आनि डाव्या अंगाच्या शेतातनं हाक आली.

"लालूऽऽ..."

एकच. खालनं आल्यागत. जिमिनीच्या पोटातनं.

लालासाबनं गाडी दाबली.

एक मैल गेला. दोन गेलं.

आनि टपावर...

एक थाप. दुसरी थाप.

"आला वाटतं," बाळासो म्हणाला. आवाज बारीक.

"मालक... गाडी कुठं थांबलीया?"

गावाची वेस आली तशी बाळासो म्हणाला, "मला हितंच उतरीव." उतरला. वर बघितलं न्हाय. मागं बघितलं न्हाय. घरला पळाला.

लालासाब एकटाच फौंड्रीच्या आवारात आला. एक वाजला हुता. इंजान बंद केलं.

"ज्ञानू... उतर रं."

कायबी न्हाय.

त्यानं काचा वर घेतल्या. सीटवर आडवा झाला. तोंडावर घोंगडं.

मग मागं एक तुकडा पडला.

मग दुसरा.

माल उतराय लागला. एका चालीनं. दमानं. लालासाबनं डोळं मिटलं.

"चुकलं माजं..." घोंगड्यातनंच म्हणाला.

आवाज थांबला.

...

परत सुरू झाला. पार कोंबडा आरवंपातूर.

उजाडल्यावर खाली उतरला. गाडी रिकामी. बीड एकीकडं. पोलाद एकीकडं. तांब्याचं पोतं तोंड बांधून मदी उभं. आनि सगळं लोखंड ओलं. दव न्हाय, पाऊस न्हाय. जिमीन कोरडी ठक्क. नुस्तं लोखंड निथळत हुतं.

लालासाब पैल्या यष्टीनं माघारी गेला. बांधाबांधानं हिंडला. निवडुंगात झाकल्याली पडीक हीर हाय तितं. तिचा काठ ताजा ढासळल्याला. काठावर एक पायताण.

तसाच पळत बाळासोकडं आला, सगळं सांगिटलं. बाळासो काय म्हणाला ऐका. "तोंड उघडलंस तर मालावर माणूस बसवणारा डायवर कोण, ते मीच नाक्यावर सांगीन." दुपारी तांब्याचं पोतं सोता इकलं आनि सांजच्याला गावात सांगत सुटला, ज्ञानू पोतं घिऊन पळाला. वर्सभरात ती हिरीची जिमीनबी घेतली. मेल्या माणसानं रातभर इमानानं माल उतरला, आनि ह्यानं त्येलाच चोर केलं. लालासाब भिला. मरंपातूर भिला. आनि बनाबाई अजून कपाळाला कुकू लावून दारात बसती. लोकं म्हणत्यात, चोराची बायकू.

त्या राशीतलं बीडाचं एक चाक मातूर फौंड्रीवाल्यानं माघारी दिलं. म्हणाला, भट्टीत टाकलं की इस्तू इझतोय. लालासाबनं ते परसात ठेवलं. त्येची बायकू जरीना अजून रोज पुसती. वैशाखाच्या उनातबी ते वाळत न्हाय. जावा, हात लावून बघा.

उद्या आठ वाजता बाळासोच्या गाड्या फौंड्रीतली जळकी वाळू घिऊन त्या हिरीवर येणार हायत. बुजवायची म्हणं. तुमी दिस उगवायच्या आत दोर, फावडी, बुट्ट्या घिऊन तितं जावा. हिरीचा गाळ उपसा. आनि पिराजी, तू बनाबाईला घिऊन ये.