बासष्टावी फ्रेम

पाच वाजता दादा बाबांच्या दुकानाच्या किल्ल्या नव्या माणसाच्या हातात देणार होता. त्याआधी ढापणीला एकच काम उरकायचं होतं. एका अंगठ्याचा फोटो काढायचा होता.

ढापणी हे नाव बाबांनी ठेवलेलं. सातव्या वर्षी तिला चष्मा लागला आणि घरात तिचं खरं नाव सगळे विसरूनच गेले. बाबा घड्याळजी. ती शाळेला निघाली की ते म्हणत, "आण इकडे." चष्मा काढून घ्यायचे, काचांवर 'हाऽ' करून वाफ सोडायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि परत नाकावर बसवताना डाव्या काचेला आतून नेमका अंगठा लावायचे.

"बाबा! पुसून परत घाण केलीत!"

"घाण कसली, ढापणे? सही केली."

बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग, काळ्या वाटीत बसवलेली ती जाड काच, टेबलाच्या खणात एका डबीत तसंच होतं. काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाच्या मधोमध तिरकी चीर. तरुणपणी घड्याळाची स्प्रिंग सुटून अंगठा कापला होता, त्या जखमेची. तो ठसा तिने सहा महिने जपला होता. डबीसुद्धा कुणाला उघडू दिली नव्हती.

"काचेचा तुकडा आहे गं तो," दादा फोनवर म्हणाला होता.

"तुला सगळं रिकामं करायची घाई आहे. बघायला मात्र वेळ नाही."

"बरं, तू बघ. पण पाचच्या आत बघ."

दुपारचे दोन वाजले होते. दुकानात घड्याळाच्या तेलाचा वास अजून होता. बाबांचं टेबल जड, जराही न हलणारं, म्हणून तिने कॅमेरा तिथेच लावला. जवळून बघणारी लेन्स एका वेळी केसाच्या जाडीइतकाच थर स्पष्ट दाखवते. म्हणून कॅमेरा एका पट्टीवर बसवायचा, जवळच्या थरापासून सुरुवात करायची, दर फोटोला केसभर पुढे सरकवायचा आणि श्वास रोखून नव्वद फोटो घ्यायचे. पहिली फ्रेम लेन्सच्या सगळ्यात जवळची, नव्वदावी सगळ्यात खोल.

तिने दिवे लावले. भिंग चिमट्यात धरलं. रबरी फुग्याने धूळ उडवली, ब्रश फिरवला, मऊ कापडाने काच एकदा गोल पुसली...

आणि तिचा हात थांबला.

तीन वर्षं ती दुकानदारांसाठी अंगठ्या-कुड्यांचे फोटो काढत होती. प्रत्येक वस्तू आधी पुसायची, मग कॅमेऱ्यासमोर. डोकं ठशाचा विचार करत होतं आणि हाताने आपलं रोजचं काम केलं होतं. काच लख्ख झाली होती.

मग तिला वाटलं, डोळ्याला दिसत नाही ते लेन्सला दिसतं. एखादी रेघ, तेलाचा एखादा थेंब तरी राहिला असेल. तिने श्वास रोखला आणि नव्वद फोटो घेतले.

काचेचा पृष्ठभाग बासष्टाव्या फ्रेमवर येत होता. ती फ्रेम तिने उघडली. पुसट रेघा होत्या. मधोमध तिरकी चीर.

तिला रडू फुटलं. खाली भिंगात पाहिलं, तर काच कोरी. पण पडद्यावर बाबांचा अंगठा होता.

"थोडं स्पष्ट, बाबा," ती पुटपुटली. "थोडंच."

दुसऱ्या खेपेला बासष्टावी फ्रेम रिकामी निघाली. ठसा चाळिसाव्या फ्रेमवर होता, आधीपेक्षा ठळक. चाळिसावर काच नव्हती. तिथे फक्त हवा होती.

कुणी शहाणं माणूस तिथेच कॅमेरा बंद करून उठलं असतं. तिने तिसरी खेप लावली. ठसा नवव्या फ्रेमवर आला. रेघ न् रेघ मोजता यावी इतका स्वच्छ. चौथ्या खेपेला तो पहिल्या फ्रेमवर होता.

पाचव्या खेपेला नव्वदच्या नव्वद फ्रेम कोऱ्या. तिने घाईघाईने लेन्सची काच तपासली. तिथेही काही नव्हतं. लेन्सच्या अलीकडे आता ती स्वतःच होती.

तेलाचा वास अचानक गालाजवळ आला. आणि अगदी हळू...

हाऽ...

चष्म्याची डावी काच धुकटली. आतून. तिने तर श्वास रोखलेला होता.

ती पळाली नाही. सात वर्षांची असताना उचलायची तशी तिने हनुवटी वर केली आणि डोळे मिटून वाट पाहत राहिली.

"ढापणे!" दादाने शटर वाजवलं. "पाच वाजले. झालं का?" आत येऊन त्याने तिच्याकडे पाहिलं. "आणि चष्म्याला काय करून ठेवलंयस? आतून अंगठा लागलाय बघ."

तिने चष्मा काढून उजेडात धरला. दादानेही पाहिलं. तिरकी चीर त्यालाही दिसली. किल्ल्या त्याच्या हातात उगाच वाजत राहिल्या.

त्या दिवसापासून तिने चष्मा पुसला नाही. धूळ बसली, पावसाचे डाग पडले, लोक हसले, तरी डाव्या काचेला तिने कापड लावलं नाही.

परवा दादा घरी आला तेव्हा डावी काच स्वच्छ होती.

"शेवटी पुसलास म्हणायचा."

"नाही रे," ती म्हणाली. तिचा डावा डोळा लाल झाला होता, पाणी गळत होतं, आणि चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हतं असं हसू होतं.

"डोळ्यात काही गेलंय का? थांब, बघू."

तो वाकला. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागावर, बारीक गोल रेघा होत्या.

तिने हळूच त्याचा हात बाजूला केला.

"हात नको लावूस, दादा... पुसला जाईल."