बबडी हुंकार कुणाला देते?

आत्याचं ऐकतंय कोण! भावाला सांगून झालं. "ताई, एकटीच खेळते गं पोर," म्हणत तो कामावर निघून गेला. त्याची नवी बायको भांडी घासता घासता गालात हसली. "वन्सं, जरा पडा तुम्ही. दमलाय."

दमतेय कसली! आत्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. रोज दुपारी जेवण उरकलं की बबडी मधल्या खोलीतल्या खाटेवर जाऊन पडायची, आणि आतून आवाज यायचा, "हं... हं..." गोष्ट ऐकताना पोरं देतात तसा हुंकार. गोष्ट सांगणारीचा आवाज मात्र नाही. बबडीची आई त्याच खाटेवर तिला गोष्टी सांगायची. ती आजारपणात गेली तेव्हा उशाशी आत्याच होती.

संशय सगळा नवीवर. हीच पोरीचे कान भरते, पोरीला आपल्यापासून तोडते. आज हिला पकडायचीच!

जेवताना बबडीनं तोंड वाकडं केलं. "गिळ मुकाट्यानं! नखरे पुरे," आत्या खेकसली. मग नवीला कपडे वाळत घालायला पिटाळलं आणि गुपचूप खोलीत शिरली.

आत औषधाचा उग्र वास. बाटल्या तर आत्यानं केव्हाच फेकल्या होत्या. खिडकीतून नवी दोरीवर चादर झटकताना दिसत होती. बबडी खाटेच्या कडेला अंग चोरून पडलेली, कुणाला तरी जागा दिल्यासारखी. शेजारच्या उशीत खळगा पडला होता.

"हं..." बबडी भिंतीकडे बघून म्हणाली. थांबली. "हं."

"कोण सांगतंय गं गोष्ट?"

"शू! ऐकू दे ना."

"कसली गोष्ट?"

"एक आजारी बाई असते. तिला एकजण चमच्यानं औषध पाजते. बाई म्हणते, ही बाटली नव्हे हो, ही अंगाला चोळायची..."

आत्यानं दाराकडे वळून पाहिलं. "मग...?"

"मग ती म्हणते, गिळ मुकाट्यानं! नखरे पुरे."

आत्यानं पोरीचा दंड आवळला. "हे नवीनं शिकवलं ना तुला? नवीच ना ती औषधवाली? नाव सांग!"

बबडीनं उशीतल्या खळग्याजवळ कान नेला. "हं?" बराच वेळ ऐकत राहिली. मग मागं न वळताच म्हणाली,

"आत्या."