हवा कोण घेत होतं?

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मामा खोटं बोलणाऱ्यातला नाही. हे घडलं गेल्या थंडीत, भर दुपारी, घाटात. धुकं असं, की पुढचं वळण दिसेना.

मामा ट्रेलर चालवतो. त्या दिवशी मामी सोबत होती, लेकीकडे निघालेली. मामीला दमा आहे.

ट्रेलर नवाकोरा. जुन्या गाडीत टायरची हवा कमी झाली, की कुठलं चाक ते पडद्यावर दिसायचं. भरायची मात्र आपण. या नव्या गाडीत इंजिन चालू असलं, की हवा आपोआप भरली जायची. भरताना फक्त एक दिवा लागायचा. कुठलं चाक, ते कळायचं नाही.

"जुनी म्हणजे शेजारीण," मामा म्हणाला, "नुसती बातमी देणार. ही आईसारखी. न विचारता वाढते."

"हवालदार भावोजी असते तर शेजारीण नि आई, दोघी लागल्या नसत्या," मामी म्हणाली.

हवालदार म्हणजे मामाचा जोडीदार ड्रायव्हर. सगळ्यांच्या टायरची हवा बघायचा, म्हणून हवालदार! प्रत्येक चाक लोखंडी दांड्यानं वाजवल्याशिवाय गाडी हलू द्यायचा नाही. तो वारून बरेच दिवस झाले होते.

घाट उतरताना मामीला धाप लागली. तिनं पंप तोंडाला लावला...

रिकामा.

दवाखाना थेट घाटाखाली.

तेवढ्यात समोरचा दिवा लागला. आणि मागून आवाज आला...

ठक्.

चालत्या गाडीचं चाक कोण वाजवणार?

ठक्... ठक्...

मामानं घाबरून गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दिवा विझला.

आवाज थांबला...

आणि मामीचा श्वासही.

तिचे ओठ निळे पडले. मामानं पुन्हा किल्ली फिरवली. दिवा लागला...

मामीनं खोल श्वास घेतला.

"थांबलात कशाला हो?" ती म्हणाली.

मग मामा कुठेच थांबला नाही. दवाखान्याच्या दारातून मामीला आत नेलं, तरी त्याचा हात किल्लीवरच.

"अहो, बंद करा ना ती गाडी!" रखवालदार ओरडला.

मामानं नाही केली.

मामी वाचली. डॉक्टर म्हणाले, "एवढा वेळ दम धरला कसा यांनी?"

नंतर मिस्त्रीनं सगळी चाकं तपासली. ठणठणीत. गळती कुठेच नाही.

"मग भरलेली हवा गेली कुठे?" त्यानंच मामाला विचारलं.

मामी आता बरी आहे. मालक रोज फोन करतो, त्याला ट्रेलर परत हवाय. मामा म्हणतो, "उद्या आणतो."

"देऊन टाका की एकदाचा," मामी करवादते. "दारात नुसती घरघर लावलीय मेल्यानं."

मामा मान हलवतो. पण इंजिन बंद करायला त्याचा हात धजत नाही.

हसू नका.

गेल्या खेपेला डिझेल मीच आणून टाकलं.