घाम फुटलेला पुतळा

“अकराला आजोबांना खायला घाल. मधुमेहाची गोळी घेतलीय त्यांनी. घाम फुटला, गप्प झाले, तर आधी गोड दे, मग मला फोन कर,” हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चढता चढता शर्मिलाने लेकीला बजावलं.

“हो गं आई,” पायल म्हणाली, आणि बस धायरी फाट्यावरून वळायच्या आत विसरूनही गेली!

विसरणार नाही तर काय? मे महिन्याची सुट्टी, बरोबर आजोबा, शेजारचे केयूर आणि ओवी, आणि प्रज्ञेशमामाच्या विद्यापीठात कला विभागाचं प्रदर्शन! एका दालनात चित्रं, दुसऱ्यात भिंतीवर चालणारी फिल्म, तिसऱ्यात मोडक्या कीबोर्डांचा भलामोठा मोर. त्याच दालनात मामाचा पुतळा असणार होता. बसची वाट पाहणारा म्हातारा. मामाने तो आजोबांवरूनच घडवला होता, आणि अंगात शर्टही त्यांचाच घातला होता. आजोबा एकाच कापडाचे दोन शर्ट शिवायचे. त्यातला एक पुतळ्याला, दुसरा आज त्यांच्या अंगात.

पुतळा मात्र हिंजवडीच्या वाहतुकीत, टेम्पोत अडकला होता, आणि मामा त्याच्याशेजारी. इथे होती नुसती रिकामी खुर्ची, भोवती दोरी आणि पाटी: ‘प्रतीक्षा. फायबर, कापड, खुर्ची. हात लावू नये. शंका मनात ठेवाव्यात.’

मुलांनी फिल्म चार वेळा पाहिली. साडेबारा झाले, केयूर भुकेने कुरकुरायला लागला, आणि पायलला अकराचं आठवलं. आजोबा कुठेत?

कॅन्टीनमध्ये नव्हते, जिन्यात नव्हते. तिसऱ्या दालनात मात्र ही गर्दी! विभागप्रमुख श्रीधर सर पाहुण्यांना समजावत होते की खांद्यांचा उतार बघा, माणूस थकलाय पण वाट पाहणं सुटलेलं नाही. एक बाई म्हणाल्या, कपाळावरचा घाम किती खरा वाटतो. सर म्हणाले, वार्निश.

पायलने पाहुण्यांच्या मधून मान घातली. खुर्चीत आजोबा होते. पाय दुखले असतील, पोराचीच खुर्ची म्हणून टेकले असतील. मान झुकलेली, डोळे अर्धे मिटलेले.

“सर, ते माझे आजोबा आहेत.”

“माहितीये बाळ. मामाने त्यांच्यावरूनच केलाय.”

“नाही सर, ते खरे आहेत.”

“तसंच वाटायला हवं,” सर खूश होऊन म्हणाले, आणि त्यांनी रखवालदार बापूरावांना मुलांना बाहेर काढायला सांगितलं.

बापूराव दोरीपाशी काठी आडवी धरून उभे. पायलने केयूरकडे पाहिलं. केयूर शांतपणे मोरापाशी गेला.

“काका, याचं शेपूट माझ्या हातात आलं.”

बापूराव धावले, त्यांच्यामागे सर धावले, आणि पायल दोरीखालून आत! आजोबांचा हात गार आणि ओला होता. ओवी आंब्याच्या रसाचा डबा घेऊन उभी होती.

“ओवी, तो दे.”

“माझा आहे.”

“दोन नवे देईन.”

“तीन,” म्हणत ओवीने डबा दिला.

पायलने डब्याची नळी त्यांच्या ओठांना लावली. “आजोबा, एक घोट.”

“बस आली का?” आजोबा पुटपुटले, आणि त्यांनी घोट गिळला. पुतळा प्यायला बघून घामाचं कौतुक करणाऱ्या बाई मटकन खालीच बसल्या!

दहा मिनिटांनी आजोबांनी डोळे नीट उघडले आणि पाटी वाचली. “मी फायबरचा कधीपासून झालो?” त्यांनी सरांना विचारलं. पुढच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर रुग्णालयच गाठावं लागलं असतं.

पायलने आईला फोन करून सगळं सांगितलं, अकराचं विसरल्याचंही. मग आई म्हणाली, “विसरलीस ते घरी बोलू. ओळखलंस, हे आत्ता सांगते. शाब्बास.” सरांनी केयूरच्या हातातलं शेपूट स्वतः परत बसवलं, आणि अभिप्रायवहीत तिघांची नावं लिहून पुढे लिहिलं: ‘आमच्यापेक्षा यांनी नीट पाहिलं.’

आता तुम्ही. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस मघापासून खुर्चीत गप्प बसलंय का? पुस्तक उलटं ठेवा आणि जाऊन एक हाक मारा. ओरडले तरी चालेल. ओ यायला हवी.